सगळ्यात खालचा खण

विश्रामबागच्या शोरूममधला पोरगा घरी आला,
आडनाव खोत, हातात लेझरची टेप.
भिंतीवर लाल ठिपका टेकवतो आणि मिलिमीटरमध्ये बोलतो.
दोन हजार आठशे चाळीस, म्हणाला.
म्हणजे किती फूट?
सव्वानऊच्या वर, काका.
सांगलीत माणूस फुटांतच विचारतो.
आयर्विनला किती झालं, ह्या एका आकड्यावर
आमच्या गल्लीत गाद्या माळ्यावर चढतात.

छंद कसला, काका?
कुलपं.
विकता?
नाही. उघडतो.

शालन चहा ठेवता ठेवता म्हणाली,
दोनशे चौदा आहेत. किल्ल्या एकोणीस.
परवा तूरडाळीच्या डब्यात तीन निघाली.
एक ह्यांनी माझ्या शिवणाच्या हातमशीनला लावून बघितलं,
झाकणाच्या कडीत.
दिवाळीपासून ब्लाउज बाहेर शिवून घेते मी.

पोरगा टॅबलेटवर माझी खोली बांधत होता.
बोटानं कपाट उचलून खिडकीशी नेलं,
परत आणलं, हमाली नाही, घाम नाही.
उथळ खण अठरा, खोल सहा,
हवे तेव्हा काढा, हवे तसे जोडा.
पार्टिकल बोर्ड, वर अक्रोडाची छपाई.
मी विचारलं, पाण्यात किती दिवस टिकतं?
ओल्या फडक्यानं पुसायचं, काका.
फडक्याचं नाही विचारत मी.

त्या ऑगस्टात पाणी उतरलं तेव्हा
गल्लीभर कपाटं आडवी पडली होती,
भिजल्या पावासारखी फुगलेली,
कोपऱ्यांतून भुसा सांडत.
लोकांनी पाठीमागून फळ्या फोडून
साड्या काढल्या, सातबारे काढले.
पुढची कुलपं लागलेलीच राहिली.
राखायला काही उरलं नव्हतं
तरी कडी सोडत नव्हती.
पहिलं मी उगाच उचललं.
रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, तार वाकवली,
चौथ्या रात्री टक्.
त्या आवाजानं शालन जागी झाली.
काय मिळालं, म्हणाली.
काही नाही, म्हणालो, उघडलं.

साठवणीचं मला कुणी सांगू नये.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात गोदामाची वही लिहिली.
बाप त्याआधी हरिपूरच्या पेवांवर.
जमिनीच्या पोटात हळद, वर माती,
कुलूप कशालाच नाही,
कुणाचं पेव कुठलं ते बापाच्या डोक्यात.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर बिडी ओढत काठावर बसायचं.
पुष्कळ वेळ बसायचा बाप.
घरातही तो असाच बोलायचा,
आधी काहीतरी खाली सोडून बघायचा.

खणांना लॉक देऊ? पोरगा म्हणाला,
एका किल्लीत सहाच्या सहा बंद.
नको, मी म्हणालो.
द्या, शालन म्हणाली,
आणि किल्ली माझ्याकडं.

मग खालच्या रांगेवर आलो.
ही काढून टाक, म्हणालो. लोखंडी पाय दे, दोन फूट.
जागा वाया जाईल, काका. दिसणारही नाही बरं.
जाऊ दे वाया.
त्यानं मान वर केली. गाव विचारलं तर म्हणाला, भिलवडी.
टॅबलेट मांडीवर पालथा ठेवून
थोडा वेळ चहाच्या कपातच बघत राहिला.
आमच्याकडं खिडकीच्या वर होतं, म्हणाला.
मग अडीच करतो.
आणि बोर्ड नको, मरीन प्लाय घ्या,
माझं कमिशन कमी होईल त्यात, पण घ्या.

संध्याकाळी मी भिंतीवर खडूनं आखून बघितलं,
कुठं पितळी, कुठं अलिगढची, कुठं ती गंजलेली,
ज्यांचं तोंड अजून मिटलेलं आहे.
वळून बघतो तर
खालच्या अडीच फुटांच्या रिकाम्या जागेत
शालननं हातमशीन सरकवून ठेवलेलं,
कुलपासकट.
अगं, पाणी आलं तर?
तोवर उघडा की, म्हणाली.